खिळ्यावरचं चित्र

आठवी 'ब'च्या वर्गात फळ्याच्या उजव्या अंगाला एक जाड खिळा होता. सोमवारी प्रार्थनेच्या आधी चित्रकलेचे सर त्यावर एक चित्र अडकवायचे आणि शनिवारी शाळा सुटली की काढून न्यायचे. मधले सहा दिवस ते चित्र आमचं. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा मैदान, घंटा, गॅदरिंग सगळं आठवलं. पण सगळ्यांच्या आधी तो खिळा डोळ्यांपुढे आला.

साल 1987. खटाव तालुक्यातल्या आपल्या गावात मोठ्या चित्रकारांची चित्रं येणार कुठून? सर ती रद्दीतून काढायचे. जुनी कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, मासिकांची मधली पानं. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, एस. एम. पंडित ही नावं मला रद्दीनंच शिकवली. घरी खळ करून सर ती पानं पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि वरच्या कडेला दोऱ्याचा फास ओवायचे. चित्रकाराचं नाव मात्र पांढऱ्या कागदाची पट्टी लावून झाकलेलं असायचं. ती पट्टी शनिवारी निघायची. आधी नाव कळलं की मुलं नावाकडंच बघतात, असं ते म्हणत.

बुधवारी आमचा तास. सर आले की पहिलं काम म्हणजे चित्र भिंतीकडे तोंड करून उलटं लावायचे आणि विचारायचे, "बाईचा पदर कुठल्या खांद्यावर होता? उजेड कुठनं येत होता? मागं झाड होतं का भिंत?" तीन दिवस त्या चित्रासमोर डबे खाल्लेले आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मग चित्र सुलटं व्हायचं आणि सगळा वर्ग बाकांवरून पुढं झुकायचा. त्या झुकण्यासाठीच तो सगळा खटाटोप होता, हे आता कळतं.

त्यांचा एक नियम कडक होता. 'छान' म्हणायचं नाही. 'छान आहे', 'मस्त आहे', 'हुबेहूब आहे' हे तिन्ही शब्द तासापुरते बंद. "छान आहे म्हणू नकोस, दिसतंय काय ते सांग." आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हे तुला कशावरून वाटलं?" उत्तर चुकलं म्हणून ते कधी कुणाला बसवत नसत. फक्त चित्रात बोट ठेवून दाखवायला लावत. दाखवता आलं की ते उत्तर फळ्यावर जायचं, सांगणाऱ्याच्या शब्दांत, अगदी 'न्हाई' आणि 'हुतं' सकट.

एका सोमवारी खिळ्यावर एक बाई आली. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला. बाकी सगळीकडे अंधार. बुधवारी आम्ही बोलत होतो. कुणी म्हणालं देवाला निघालीय, कुणी म्हणालं कुणाची तरी वाट बघतेय. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. वस्तीवरनं चार किलोमीटर चालत यायची आणि वर्गात कधी म्हणजे कधी बोलायची नाही. ती अचानक उभी राहिली. "सर, तिची बोटं आतनं लाल दिसत्यात. दिव्याम्होरं हात धरला की तशीच दिसत्यात. मी रोज बघती." तिच्या वस्तीवर तेव्हा वीज नव्हती.

सर काही बोलले नाहीत. शिपाईमामांकडून रॉकेलची चिमणी मागवली, खिडक्या लावायला सांगितल्या, दाराला सतरंजी लावली. आम्ही त्रेपन्न जण एकेक करून टेबलापाशी गेलो आणि ज्योतीपुढे हात धरला. बोटांच्या कडा खरोखर तांबड्या, नखांपाशी जास्त, आणि दोन बोटांच्या फटीतनं पिवळा उजेड. मग पुन्हा चित्राकडे. आता प्रत्येकाला ती बोटं दिसत होती. कुणीतरी म्हणालं, हिला पळता येणार नाही, दिवा विझेल. कुणी म्हणालं, हिची सावली मागच्या भिंतीवर तिच्याहून मोठी असणार. आपोआप सगळे बोलत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मुलगी सगळ्यांना उत्तरं देत होती.

सरांनी त्या आठवड्यात पट्टी बुधवारीच काढली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. दिवा धरून उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी. सरांनी आणखी एक सांगितलं, जे मी आजही माझ्या वर्गात सांगते. हे जलरंगातलं चित्र आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तो राखतात. अंधार भरत भरत जायचं आणि उजेडापुरता कागद शिल्लक ठेवायचा. एकदा रंग चढला की उजेड गेला. आमच्या हातात कॅम्लिनच्या वड्यांची पेटी होती, आणि तोवर आम्ही सूर्य पिवळ्या रंगानं गिरवून गिरवून कागदाला भोक पाडत होतो.

खिळ्यावर दर वेळी छापील चित्रच असायचं असं नाही. बेंदराच्या आठवड्यात रंगवलेली झूल होती. एकदा माझ्या आजीची वाकळ होती. मला लाज वाटली होती, घरातली जुनी वाकळ शाळेत कशाला! पण वर्गानं ती तासभर वाचली. हे धोतर, हा लुगड्याचा काठ, ही कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाची बाही. मधेच एक लाल चौकोन होता, हाताच्या तळव्याएवढा. तो तिथंच का, यावरून वाद झाला. सर म्हणाले, आजीला विचारून ये. आजी म्हणाली, "समदं करडं करडं हुतं, तितं डोळा ठरंना, म्हून लावला." दुसऱ्या दिवशी सरांनी ते वाक्य फळ्याच्या डोक्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. पुढं डी.एड.ला रंगसंगतीवर बरंच वाचलं, पण 'डोळा ठरंना' इतकं नेमकं काही हाती लागलं नाही.

औंधची सहल तर आमच्या बॅचमधला कुणीच विसरला नसेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे राजेही होते आणि स्वतः चित्रकारही. त्यांनी यमाईच्या डोंगरावर 1938 साली संग्रहालय उभं केलं. रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं आपल्याच तालुक्यात आहेत, हे त्या दिवसापर्यंत आमच्या गावीही नव्हतं. सरांनी दारातच बजावलं, "सगळं बघायचं नाही. एक निवडा आणि त्याच्यापुढं थांबा." तिथं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं एक शिल्प आहे. मोठं नाही, बरेच जण त्याच्यावरून सरळ पुढं गेले. मेंढरं राखणारा आमच्यातला एक जण मात्र तिथनं हलेना. सरांनी विचारलं तर म्हणाला, "मेंढी पिलाला पोटाशी घिऊन बसती, तसं वाटतंय. डोळं-नाक बघायचं न्हाई सर, बसलीया कशी ते बघायचं." सर त्याच्या शेजारी बराच वेळ तसेच उभे राहिले.

हे सगळं सहज चालू दिलं गेलं असं नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या वह्या चाळल्या आणि चित्रं कमी भरली म्हणून सरांना वर्गासमोर बोलले. तासाला गप्पा चालतात, असा शेरा लिहिला. मला तो अन्याय आजही टोचतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी सर जीव तोडून करून घ्यायचे, रविवारीसुद्धा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कशातच सूट नव्हती. पण वर्गातल्या पन्नासांपैकी चित्रकार होणार एखादा, बघणारे सगळेच होणार, हा त्यांचा हिशोब होता आणि तो मला पटलेला आहे. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, ते चांगलंच आहे. बघण्याला गुण नाहीत, म्हणून तो तास गणिताला देऊन टाकतात, याचं मात्र वाईट वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्याही वर्गात खिळा आहे. पहिल्या महिन्यात मुलं 'छान'च म्हणतात. दुसऱ्या महिन्यात गप्प बसतात. तिथं धीर सोडायचा नाही आणि आपण बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तिसऱ्या महिन्याच्या आसपास कुणीतरी, बहुधा शेवटच्या बाकावरून, असं काही सांगतं की मीच वळून चित्राकडे बघते.

2012 साली म्हैसूरला गेले. जगन्मोहन पॅलेसच्या चित्रदालनात ती बाई भेटली, खरी, हळदणकरांच्या हातची. शेजारच्या घोळक्यात कुणीतरी हे रविवर्मांचं म्हणून सांगत होतं. तसा समज बऱ्याच जणांचा आहे. मी त्यांना नाव सांगितलं. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मैत्रिणीला फोन लावला. ती पनवेलला पोळी-भाजी केंद्र चालवते. म्हटलं, "अगं, आपली दिवेवाली बघितली. काय छान आहे!"

पलीकडे पोळपाटाचा आवाज थांबला. "छान आहे म्हणू नकोस," ती म्हणाली, "दिसतंय काय ते सांग."

मी परत आत गेले. चित्रापुढं उभी राहून पुन्हा नंबर लावला आणि हळू आवाजात अंगठ्यापासून सांगायला सुरुवात केली.