निळा घोडा आणि तारेतली पोस्टकार्डं

व्हेनिसचे तीन दिवस गर्दीत धक्के खाण्यात गेले, त्यांच्याबद्दल लिहावंसं काही उरलेलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ईशान्य इटलीतल्या त्रिएस्तेची गाडी पकडली. दोनेक तासांचा रस्ता, आणि गाव जवळ आलं की उजव्या हाताला एकदम समुद्र उघडतो. त्रिएस्तेत माझं काम एकच होतं, सान जोव्हानी टेकडीवरचं जुनं वेड्यांचं इस्पितळ बघणं.

आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" असं सहज म्हणतात. मीही म्हटलेलं आहे. आणि हल्ली जुन्या इस्पितळांत रात्री कॅमेरे घेऊन भुतं शोधायला जाणारी मंडळी निघाली आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. तिथे राहिलेली माणसं कुणाची तरी भावंडं होती.

सान जोव्हानीत भुतांना जागाच नाही. मेअखेरीचं ऊन होतं, पाठीवर सॅक टाकलेली विद्यार्थी मुलं चढ चढत होती, आणि टेकडीच्या उतारावर हजारो गुलाब फुललेले. इस्पितळ सुरू झालं १९०८ साली, तेव्हा इथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं. एक मोठी इमारत न बांधता झाडीत सुटे सुटे वॉर्ड बांधले, मधे चर्च, नाट्यगृह, कामाच्या शेड. सबंध गावच, फक्त या गावातून बाहेर पडता येत नसे. १९०४ च्या इटालियन कायद्यात माणसाला आत टाकायला दोन कारणं पुरत: तो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, किंवा त्याच्यामुळे चारचौघांत लाज जाते. आत गेलेल्याची नोंद गुन्हेगारांच्या दप्तरात व्हायची. लाज जाते, हे कारण कायद्याच्या पुस्तकात छापलेलं होतं! आपल्याकडे ते घरात तोंडी चालतं.

१९७१ मध्ये फ्रँको बासाल्या इथे संचालक म्हणून आला. हा मूळचा व्हेनिसचा डॉक्टर. तरुणपणी फॅसिस्टांच्या विरोधात गेल्यामुळे त्याने तुरुंग पाहिला होता, आणि १९६१ साली गोरित्सियाच्या इस्पितळात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्याला त्याच तुरुंगाचा वास आला. त्रिएस्तेत तेव्हा बाराशेच्या आसपास माणसं होती. त्याने वॉर्डांची कुलपं काढली, बांधून ठेवणं आणि विजेचे झटके बंद केले. झाडलोट-धुलाईची जी कामं रुग्ण पूर्वी फुकट करत, त्यांची सहकारी संस्था काढून त्यांना रीतसर पगार सुरू केला.

आणि मग घोडा. मी इतक्या लांब आले ती त्या घोड्यासाठी.

इस्पितळात धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढणारा एक खराखुरा घोडा होता, मार्को त्याचं नाव. तो म्हातारा झाला तेव्हा त्याला खाटकाला द्यायचं ठरलं. १९७२ साली रुग्णांनी प्रांताच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, तेही घोड्याच्याच तोंडून: इतकी वर्षं राबलो, आता मला मारू नका, पेन्शन द्या. अर्ज मंजूर झाला. घोडा वाचला. ज्यांचं म्हणणं कुणी ऐकतच नव्हतं, त्यांचं पहिलं ऐकलं गेलेलं म्हणणं एका जनावराच्या जिवासाठी होतं, हे वाचलं तेव्हा मी पुण्यात स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

पुढच्या वर्षी एका रिकाम्या वॉर्डात रुग्ण, डॉक्टर आणि कलावंतांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा भलामोठा घोडा केला, खाली चाकं लावलेला. रंग निळा, तो रुग्णांनी निवडला. त्याच्या पोटात त्यांच्या इच्छा भरल्या. १९७३ च्या त्या दिवशी मिरवणूक काढून शहरात जायचं ठरलं, आणि घोडा दारातून मावेना. मान खाली घालता येईना, चौकट आडवी. शेवटी लोखंडी बाक उचलून दारावर धडका दिल्या, चौकट मोडली, आणि घोडा बाहेर पडला. मागून चारशेच्या वर माणसं. त्यातल्या कितीतरी जणांनी कित्येक वर्षांत रस्ता पाहिलेला नव्हता.

चढावर एका भिंतीपाशी मी बराच वेळ बसले. "स्वातंत्र्य हेच औषध" अशा अर्थाचं त्या काळचं वाक्य इथे रंगवलेलं आहे. पण मला दुसराच एक शब्द छळत होता. सक्तीने आत ठेवण्याचा कागद रद्द झाला तरी ज्यांना जायला घर नव्हतं, ती माणसं इथेच राहिली. त्यांना रुग्ण म्हणणं बंद झालं, नवा शब्द आला: पाहुणा.

आमच्या घरात एक अप्पाकाका होता, बाबांचा धाकटा भाऊ. मी त्याला कधी पाहिलं नाही. "तो बाहेरगावी असतो" एवढंच आम्हा मुलांना सांगत. बाबा गेल्यावर सांगलीच्या घरातली तारेला टोचलेली जुनी पत्रं मी सोडवायला बसले. विजेच्या बिलांमध्ये तीन पोस्टकार्डं निघाली, इस्पितळाच्या कचेरीतून आलेली. तिन्हींवर जवळजवळ तोच मजकूर: आपला रुग्ण आता शांत आहे, घेऊन जाण्याची व्यवस्था करावी. तारेचं भोक बरोबर काकाच्या नावातून गेलेलं. तेव्हा आत्याचं लग्न जमायचं होतं. कुणी उत्तर लिहिलं नाही, आणि काका तिथेच गेला.

बाबांना मी आजवर दोष देत आले. पण कार्डं सापडल्यावर मी तरी काय केलं? पुन्हा तारेला टोचून ठेवली.

१३ मे १९७८ ला इटलीने कायदा करून नवी वेड्यांची इस्पितळं काढायला बंदी घातली. बासाल्या १९८० साली गेला, जेमतेम छप्पन्न वर्षांचा. त्रिएस्तेत आता वस्त्यांमधून चोवीस तास उघडी असणारी मानसिक आरोग्याची केंद्रं आहेत. हे सगळं मोठं आहे, पण त्या दुपारी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

आवारातच एक उपाहारगृह आहे, मानसिक आजार भोगलेल्या माणसांना काम देणाऱ्या सहकारी संस्थेचं. तिथे बसून आत्याला सांगलीला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे. मी घोड्याची गोष्ट सांगितली, मग अप्पाकाकाचं नाव घेतलं. मला वाटलं, लाइन तुटली.

"त्याला चहात बुडवून खारी लागायची," आत्या म्हणाली. "एकदा अख्खा पुडा संपवला होता गं, आणि आईने मला मारलं."

मग ती बोलतच राहिली. माझी कॉफी गार झाली, मी तशीच प्यायले.