तुम्ही विचारलंत म्हणून: ३९ फूट आणि ४३ फूट

पुराचा विषय निघाला, की कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी मला हमखास विचारतात, “तुम्ही चर्चला जाणारे, देवाचा इशारा न ऐकल्याची ही शिक्षा, असे तुमचे बायबल म्हणते का?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पुराबद्दल असा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, या प्रश्नाला येशूने स्पष्ट नकार दिला; मात्र त्याच दमात, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असे ऐकणाऱ्यांनाच बजावले. लोक पहिले वाक्य सांगतात तेव्हा दुसरे गाळतात, आणि दुसरे सांगतात तेव्हा पहिले.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. मधले चार फूट माणसांनी बाहेर पडावे म्हणून आहेत. बायबलमधला इशाराही मला असाच दिसतो. निनवे शहर ४० दिवसांत उलथून पडेल, असे योना संदेष्ट्याने पुकारले. तिथला राजा गोणपाट नेसून राखेत बसला, आणि शहर वाचले. भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसला, पण इशाऱ्याचे काम झाले होते.

उलट उदाहरण यहूदाच्या यहोयाकीम राजाचे. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेला आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेला, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीचा इशारा देणारा पट राजापुढे वाचला जात होता. थंडीचे दिवस असल्याने समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले, की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी, आणि असे करत त्याने सगळा पट जाळला. दरबारातल्या काहींनी विनवले, तरी तो घाबरला नाही. पुढे बारूखाने तो पट पुन्हा लिहिला आणि त्यात आणखी मजकुराची भर पडली. राजाने कागद जाळला होता, बाबेलचे सैन्य नव्हे. इ. स. पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम पडले, तेव्हा गादीवर सिद्कीया होता.

हा सिद्कीया मला अधिक अस्वस्थ करतो, कारण त्याला इशारा पटला होता. ज्या यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडू दिले, त्यालाच तो गुपचूप बोलावून सल्ला विचारतो. शरण जा, म्हणजे तू आणि शहर दोन्ही वाचाल, असे उत्तर मिळते. त्यावर राजा म्हणतो, खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, जाऊन मिळालेल्या यहूद्यांच्या हाती मी सापडलो तर ते माझी टर उडवतील. अखेर त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले.

ऑगस्ट २०१९मध्ये भोंगा लावून गाडी दोनदा गल्लीतून फिरली. २००५ला पाणी आमच्या पायरीपाशी थांबले होते, असे मी सर्वांना सांगत राहिलो. खरे कारण निराळे होते: गल्लीतले कोणीच हलले नव्हते, आणि आपण पहिले निघालो तर मास्तर घाबरले म्हणतील, एवढेच मला वाटत होते. दुसऱ्या दिवशी आईला खिडकीतून बोटीत उतरवावे लागले.