झेन, घाट आणि सात वर्षांचा हप्ता

दसऱ्याला आमच्या कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते. लोक सोनं लुटायच्या तयारीत असतात आणि मी लहानपणापासून बाबांचा हात धरून त्या गाडीचं बॉनेट बघत उभा असायचो. स्वातंत्र्याच्या आधीची गाडी, आणि अजून स्वतःच्या चाकांवर येते. तेव्हापासून डोक्यात बसलंय की गाडी ही सांभाळायची वस्तू आहे, चार-पाच वर्षांनी कंटाळा आला म्हणून बदलायची नाही.

घरात १९९९ ची मारुती झेन आहे, बाबांनी नवी घेतलेली. ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन, त्याला पेट्रोल-हवा मिसळून देणारा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर, आणि पॉवर स्टेअरिंग नाही. हीच झेन त्या काळात युरोपात सुझुकी अल्टो म्हणून विकली जायची हे मला कॉलेजात असताना कळलं आणि तेव्हा जो अभिमान वाटला तो आजही वाटतो. वजन साडेसातशे किलोच्या आसपास. आत्ताच्या बऱ्याच छोट्या एसयूव्ही अकराशे-बाराशेच्या आसपास असतात, म्हणजे चार-पाच माणसं कायम आत बसल्यासारखी.

हा फरक कागदावर कळत नाही, घाटात कळतो. पहाटे पाचला निघायचं, गगनबावड्यात चहा घ्यायचा आणि करूळ घाटानं खाली वैभववाडीकडं उतरायचं. सेकंड गियर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला नुसता पाय टेकवायचा. वळणावर स्टेअरिंग हातात जड होत जातं, रस्ता ओला असेल तर तेच किंचित हलकं लागतं, तेवढ्यानं कळतं की आता जरा दमानं. चाळीसच्या स्पीडला जी मजा येते ती मला मोठ्या गाडीत शंभरला पण आली नाही आणि शंभरला जायची गरजच पडत नाही हे त्यातलं सगळ्यात भारी.

आता खरेदीचं बोलतो कारण गेल्या महिन्यात तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला, कुठली घेऊ. तिघांचं पण ठरलेलंच होतं, सनरूफ पाहिजे, मोठा स्क्रीन पाहिजे आणि हप्ता सोळा हजारात बसला पाहिजे. हप्ता बसतो हो, दहा लाखाचं लोन नऊ टक्क्यानं सात वर्षं घेतलं तर सोळा हजार शंभरच्या आसपास हप्ता येतो, पण व्याज साडेतीन लाख जातं. तेच चार वर्षांत फेडलं तर हप्ता पंचवीस हजाराला टेकतो आणि व्याज दोन लाखाच्या आत राहतं. चार वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर ती गाडी आपल्या बजेटची नाही, सरळ एक पायरी खालची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सातव्या वर्षी त्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेन्शनची कामं निघायला लागतात तेव्हा हप्ता पण चालूच असतो, मग माणूस गाडीवरच चिडायला लागतो, ते बघवत नाही.

म्हणून मी २०२२ मध्ये घरच्यांसाठी सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो घेतली, चाकणला बनलेली, २०१८ ची. ती सापडायला चार महिने लागले.

त्याआधी सांगलीत एक बघितली होती, अशी चकाचक की मी बयाणा द्यायला खिशात हात घातला होता. आमच्या उद्यमनगरातले मिस्त्री बरोबर होते म्हणून वाचलो. त्यांनी काही न बोलता पुढच्या दाराचं रबर ओढून काढलं. कंपनीच्या गाडीला तिथं पत्र्यावर ठरावीक अंतरावर गोल गोल खड्डे दिसतात, स्पॉट वेल्डचे. इथं एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला सपाट पत्रा, वर ग्राइंडरच्या रेघा आणि त्यावर रंग, म्हणजे ती बाजू ठोकून नंतर दुरुस्त केलेली. मग त्यांनी काचा दाखवल्या, बाकी सगळ्या काचांवर एकच साल आणि पुढच्या काचेवर वेगळं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, तर मालक म्हणत होता टायर वर्षभराचे आहेत आणि आकडे पाच वर्षांपूर्वीचे निघाले. दहा मिनिटांत विषय संपला.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की आधी चालू करू नको, थंड इंजिन कसं चालू होतं ते ऐकायचंय. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० यांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, विकणाऱ्याचं लोन असेल तर ते गाडीवरून उतरवायचा ३५ पण. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळं विकणारा ‘पन्नास टक्के बोनस आहे, तुम्हाला मिळेल’ म्हणाला तर तो मिळत नाही.

आता कुणी म्हणेल मग झेनच का नाही वापरत रोज. कारण तिला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, आणि पोरगं मागं बसलेलं असताना हायवेला मला ते चालत नाही. नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं हे फार चांगलं झालं. पोलो घरची, झेन माझी पहाटेची, असं वाटून घेतलंय.

झेन ठेवायला खर्च येतो हे मान्य. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग, आमचं २०१४ ला झालं मग २०१९ ला. तेव्हा रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी सहाशे होती. २०२२ ला ती पाच हजार झाली, २०२४ ला मी तेवढी भरली. गाडी धूर सोडत नाही, ब्रेक चोख आहेत, तपासणीत पास होते, तरी तेव्हा फी एवढी का हे मला खरंच पटत नाही.

आणि पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. ते इथेनॉल आमच्याच उसाचं आहे, आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, घरची शेती आहे त्यामुळं मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी, आणि नव्या गाडीचा सेन्सर जसं पेट्रोल वाढवून घेतो तसं कार्बोरेटरला जमत नाही, गाडी कोरडी चालते, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि चढाला अडखळते. गेल्या पावसाळ्यात पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरकडं जाणारी रबरी पाईप चिमटीत धरल्यावर बोटाला काळी चिकटली, गुळासारखी मऊ. तशीच घाटात गेलो असतो तर काय झालं असतं विचार करवत नाही. मिस्त्रींनी सगळ्या पाईपा बदलून इथेनॉल सहन करणाऱ्या टाकल्या, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट काढून एक नंबर मोठा बसवला. आता छान पळते. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर या पाईपा आजच हाताने दाबून बघा.

पुढचं पासिंग २०२९ ला. कार्बोरेटरचं किट आणि मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर आत्ताच घेऊन ठेवलेत, उद्यमनगरात दोन दुकानांत अजून मिळतात, कुणाला लागणार असतील तर लवकर जा.