कोरियातला ब्लॅक डे: एकट्यांची पंगत

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याकडे आंबेडकर जयंती. इथे दक्षिण कोरियात त्याच तारखेला एकटी माणसं काळ्या नूडल्स खायला बाहेर पडतात.

त्याची सुरुवात दोन महिने आधी होते. १४ फेब्रुवारीला मुली मुलांना चॉकलेट देतात. १४ मार्च म्हणजे व्हाइट डे, तेव्हा मुलांनी परतफेड करायची. दोन्ही वेळा ज्यांच्या हाती काहीच पडलं नाही, त्यांचा हा ब्लॅक डे. सुट्टी नाही की समारंभ नाही. जाजांगम्यॉन खायचं, बस्स.

गव्हाच्या जाड नूडल्स आणि त्यावर काळाभोर सॉस. आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट डुकराचं मांस आणि भरपूर कांदा घालून परतलेली असते (शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं). सोबत मुळ्याचं पिवळं लोणचं आणि कच्चा कांदा. १८८३ मध्ये इंचॉन बंदर खुलं झाल्यावर तिथे आलेल्या चिनी लोकांनी हा पदार्थ आणला. तिथल्या चायनाटाउनमध्ये आता त्याचं संग्रहालयसुद्धा आहे. घर बदलण्याच्या दिवशी, सामानाच्या खोक्यांमध्ये बसून हेच मागवायची इथे पद्धत आहे.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या आम्ही चौघी गेलो होतो. बाऊल समोर आला की लगेच कालवावं लागतं, नाहीतर नूडल्स चिकटून बसतात. मी हळूहळू ढवळतेय हे पाहून आमच्यातल्या थोरल्या ऑन्नीने (ऑन्नी म्हणजे ताई) माझा बाऊल ओढून घेतला, दोन्ही हातांत एकेक चॉपस्टिक धरून खालपासून वरपर्यंत झकास कालवला आणि परत सरकवला. ती घटस्फोटित आहे, पन्नाशीला आलीय आणि तिच्यासारखी आनंदाने जेवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

काही जण हा दिवस रडगाण्याचा मानतात. मला ते अजिबात पटत नाही. इथे मांस भाजून खायच्या कित्येक हॉटेलांत कमीत कमी दोघांचं जेवण मागवावं लागतं, एकट्या माणसाला दारातूनच परत फिरावं लागतं. आणि २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार या देशातली ३५.५ टक्के घरं एकट्या माणसाची आहेत! इतक्या लोकांना वर्षातून एकदा हक्काने एकत्र बसायला तारीख मिळते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे एकटीला अशी तारीख नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू सवाष्णींचं, पाडवा नवऱ्याला ओवाळायचा, आणि मधल्या दिवसांत "यंदा कर्तव्य आहे का?" मावशी, काकू, तुमची माया मला कळते. पण मी इथे वाट बघत बसलेली नाही. माझं आयुष्य सुरू आहे आणि ते मला आवडतं.

आमच्यातल्या एकीचं या हिवाळ्यात लग्न झालं. परवा तिने बिचकतच विचारलं, "या वर्षी मी येऊ का?"

ऑन्नी म्हणाली, "म्हणजे काय! तुझी खुर्ची धरूनच टेबल सांगितलंय."