पाचच्या चहाची गोडाची ओढ सकाळी सातलाच ठरते

सकाळी सातला लोकल पकडायच्या घाईत चहा-खारी. एक वाजता डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात. पोट गच्च भरतं, पण त्यात प्रथिनं नावापुरती. मग चार-पाचच्या सुमारास ऑफिसात कुणी पेढ्यांचा बॉक्स उघडला की हात आपोआप जातो.

मैदा, पोहे, पांढरा भात यांतलं पिष्ट लवकर पचतं. रक्तातली साखर झपाट्याने चढते, ती उतरवायला इन्सुलिन सुटतं आणि काही जणांची साखर दोन-तीन तासांनी मूळ पातळीच्याही थोडी खाली जाते. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजाराहून अधिक लोकांच्या 2021 मधल्या अभ्यासात ज्यांची ही घसरण मोठी होती, त्यांना भूक लवकर लागली आणि पुढे त्यांनी खाल्लंही जास्त. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्यांचं होतं, त्यांनी मनाला दोष देण्याआधी नाश्ता बदलून पाहावा.

पोहे सोडायची गरज नाही. माणशी 50 ग्रॅम पोहे घ्या, त्यात मूठभर शेंगदाणे आणि अर्धी वाटी मोड आलेली मटकी घाला. मटकी आधी वेगळी वाफवायची. कच्चीच फोडणीत टाकली तर ती शिजेपर्यंत पोहे वातड होतात, आणि मग घरात कुणी दुसऱ्यांदा ती खात नाही. सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं तर आणखी 6 ग्रॅम प्रथिनं. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी जास्त वेळ टिकते.

डब्यात एक पोळी कमी करून उसळ किंवा घट्ट वरण वाढवा. खाताना आधी कोशिंबीर आणि उसळ, पोळी-भात नंतर. एवढ्या क्रमानेही साखरेचा चढ कमी होतो.

दुपारी नुसतं सॅलड खाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. संध्याकाळी स्टेशनाबाहेर वडापाव दिसतो, आणि घरी पोचल्यावर जेवण वेगळं होतंच. त्यापेक्षा निघण्याआधी, साडेपाचला, 30 ग्रॅम फुटाणे खा.

चहाचं गणित वेगळं. टपरीवर साखर उकळतानाच पडते, त्यामुळे ‘कमी साखर’ सांगून फरक पडत नाही. कटिंगमागे चमचाभर धरली तरी चार कटिंगांत 15 ते 20 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम. घरच्या चहात दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ सवय करून घेते. गुळाने सुटका होत नाही, तोही बहुतांशी साखरच. आणि रात्री पाच तासच झोप झाली असेल, तर फुटाण्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. अपुऱ्या झोपेने भूक वाढतेच.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हात थरथरले, दरदरून घाम आला, तर ती गोडाची ओढ समजून दाबू नका. तपासून साखर 70 च्या खाली दिसली, किंवा ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलायचं.