शार्क व्हॅलीतला अ‍ॅलिगेटर आणि चिप्सचं पाकीट

मायामीचे दिवस किनाऱ्यावरच्या गर्दीत आणि पार्किंग शोधण्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहावं असं काही नाही. लिहायचंय ते फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या शार्क व्हॅलीबद्दल.

तिथे सुमारे 24 किलोमीटरचा डांबरी रस्ता दलदलीतून गोल फिरून येतो. खासगी गाड्यांना बंदी असल्याने आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. हिवाळा तिकडचा कोरडा हंगाम. पाणी आटत जातं, तसे अ‍ॅलिगेटर (मगरीचे भाऊबंद) रस्त्यालगतच्या कालव्यात गोळा होतात आणि ऊन खायला थेट रस्त्याच्या कडेला येऊन पसरतात. मध्ये कुंपण नाही, जाळी नाही. मी सांगलीची. कृष्णाकाठी मगर दिसली की घाट रिकामा होतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथे मात्र लोक मोबाईल काढून पुढे सरकत होते.

एक मोठा अ‍ॅलिगेटर अर्धा गवतात, अर्धा डांबरावर. पाठीवर वाळलेलं शेवाळ, श्वासाबरोबर बरगड्या सावकाश वरखाली. एका माणसाने त्याच्यापुढे चिप्स टाकले आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला फोटोसाठी पुढे ढकललं. अंतर जेमतेम दोन हात. अ‍ॅलिगेटरने तोंड उघडलं आणि कुकरची शिट्टी सुटण्याआधी येतो तसा लांबलचक फुस्स आवाज काढला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण आरडाओरडा करायची ती वेळ नव्हती. "मुलाला हळूहळू मागे घ्या, पळू नका," एवढंच म्हटलं. तो फुत्कार म्हणजे इशारा असतो: फार जवळ आलात, मागे व्हा. माणूस मागे झाला की तो बहुधा पुन्हा निपचित पडतो. तसाच तोही पडला.

मला खरा राग आला तो चिप्सचा. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरला खायला घालणं गुन्हा आहे. एकदा चटक लागली की त्याची माणसाची भीती जाते, तो माणूस दिसला की जवळ येतो. मग तक्रार होते आणि 4 फुटांहून मोठा असेल तर त्याला पकडून बहुतेक वेळा मारूनच टाकतात, कारण दुसरीकडे सोडला तरी तो परतायला बघतो. चिप्स टाकणारा घरी जातो, जीव जातो त्या मुक्या जनावराचा.

पार्कचा नियम त्यांच्यापासून किमान 15 फूट लांब राहण्याचा आहे. पुढे एका मोरीपाशी पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं दिसली, आई शेजारीच पाण्यात. पिल्लांसाठी ती अंगावर धावून येते. तिथे मला 15 फूटही कमीच वाटले. फोटो न काढता आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने सायकली पुढे नेल्या.