‘पाणी’चं ‘माणी’

पर्वतीच्या पायथ्याला, कालव्याला लागून असलेल्या वस्तीत आमच्या एका वर्गाला पत्र्याचं छप्पर आहे. जुलैत दुपारी चारच्या सुमाराला तिथे भेटीला गेले होते. पटावर २८, हजर १९. भेटीत काय पाहायचं ते ठरलेलं असतं. हजेरीपत्रक आणि समोरची डोकी जुळतात का, खाऊच्या डब्यात शेंगदाणे-गूळ आहे की नुसती बिस्किटं, १०९८ या मुलांच्या मदत-क्रमांकाचा फलक त्यांच्या नजरेच्या उंचीवर आहे की कपाटामागे, सहा वाजता कुणाला कोण न्यायला येतं ती यादी भिंतीवर आहे की फक्त ताईंच्या डोक्यात.

पुण्यातून आम्ही राज्यातल्या अशा शाळेनंतरच्या वर्गांना साहित्य पुरवतो, प्रशिक्षण देतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त पुरवतो ते फॉर्म. अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते. पुढे शाळा सुटल्यापासून आई धुण्याभांड्याची कामं उरकून परत येईपर्यंतच्या तीन-चार तासांना कुणी वाली नसतो. तेवढ्या वेळात मूल कुठे असतं, काय खातं, कुणासोबत असतं, हे पाहणं म्हणजे आमचं काम. अहवालात त्याला ‘बालकल्याण’ म्हणतात.

त्या दिवशी गोष्ट चालू होती आणि सर आली. पत्र्याखाली जोराचा पाऊस ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. ताई फळा सोडून पुढे आल्या, दाराच्या उजेडात मुलांसमोर उकिडव्या बसल्या आणि तोंड मोठं करून ओरडून सांगू लागल्या. तरी दुसऱ्या रांगेपलीकडे काही पोचेना. मुलं एकमेकांना ढकलू लागली. पाचवीतला एक मुलगा तेवढा ताईंकडे टक लावून होता आणि मान वळवून शेजारच्या दोघांना सांगत होता, “कोल्हा म्हणला, उद्या ये.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता विहिरीपाशी गेला.” दोन्ही वेळा बरोबर.

ताईंच्या जूनच्या अहवालात या मुलाच्या नावापुढे होतं, ‘मंद गती, लक्ष नाही, विशेष मूल असू शकेल’. ‘शारीरिक अडचण’ या रकान्यात ‘नाही’. सगळ्या मुलांपुढे तेच होतं. तो रकाना आम्हीच असा केलाय की ‘नाही’ लिहिलं की पुढचे पाच प्रश्न टळतात.

पाऊस ओसरल्यावर त्याची वही मागितली. फळ्यावरून उतरवलेली पानं स्वच्छ, अक्षर वर्गात उजवं. श्रुतलेखनाची पानं लाल रेघांनी भरलेली. ‘पाणी’चं ‘माणी’. ‘बाजार’चं ‘माजार’. ‘मामा’चं चक्क ‘पापा’. शब्दांची लांबी बरोबर, काना-मात्रा बऱ्याचशा बरोबर, चूक पुन्हा पुन्हा एकाच जागी. आरशासमोर आवाज न काढता पाणी, बाणी, माणी म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत. हा मुलगा ओठ वाचत होता.

पावसात त्याचं कसं जमलं, तेही मग उलगडलं. एरवी ताई फळ्याशी उभ्या राहतात, निम्मं बोलणं फळ्याकडे तोंड करून होतं, आणि वर्गातला एकुलता बल्ब त्यांच्या डोक्यामागे आहे. म्हणजे मुलांना दिसतो तो काळोखा चेहरा. पावसाने त्यांना पुढे आणलं, चेहऱ्यावर उजेड पाडला, ओरडायला लावलं. शिवाय दोष पडद्याचा किंवा मधल्या कानाचा असला की आजूबाजूचा गोंगाटही कमीच पोचतो. त्यामुळे गलक्यात जेव्हा सगळेच ओरडून बोलतात, तेव्हा अशा माणसाचं आपल्यापेक्षा बरं चालतं.

तिथल्या तिथे करता येते ती कुजबुज चाचणी. मुलाला पाठमोरं बसवायचं. आपण मागे हातभर, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरवर. जो कान तपासायचा नाही त्याच्या भोकासमोरची कूर्चा मुलानेच बोटाने दाबून गोल गोल चोळत राहायचं, नाहीतर चांगला कान वाईट कानाला कॉपी पुरवतो. आपण श्वास पूर्ण सोडायचा आणि उरलेल्या हवेत कुजबुजायचं: अंक, अक्षर, अंक. ‘चार, क, दोन’. तिन्ही बरोबर आले तर तो कान पास. नाहीतर नवी तिकडी द्यायची. सहापैकी तीन आले तरी पास. मग दुसरा कान, वेगळे अंक घेऊन. बिघडतं कुठे तर ताया समोर बसून करतात, हे सगळ्यात जास्त. दुसरं म्हणजे कुजबुजीचा हळू आवाज होतो. आपल्या गळ्यावर बोट ठेवावं, थरथर लागली तर ती कुजबुज नव्हे. सात आणि आठ एकाच तिकडीत घेऊ नयेत. पंखा बंद हवा, आणि शेजारी कुकर लागला असेल तर शिट्ट्या होऊ द्याव्यात.

मुलगा उजव्या कानाला सहापैकी एक बोलला, डाव्याला एकही नाही. समोरून त्याच आवाजात विचारलं तर सगळं बरोबर! शाळेत तपासणी झाली होती म्हणे. समोर बसवून “ऐकू येतं ना?” विचारलं असणार, आणि तो “हो” म्हणाला असणार.

वर्गातल्या मुलांना मात्र ठाऊक होतं. त्याच्याशी बोलण्याआधी ती त्याच्या खांद्यावर टिचकी मारत होती. एका मुलीने मला सांगितलं, “त्याला मागून हाक मारायची नसते.” मोठ्यांपैकी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, कारण आमच्या फॉर्मात मुलांना विचारायची जागा नाही.

आई सहाला आली. “कान फुटलाय ना मॅडम, लहान होता तेव्हापासून. पोरांचे फुटतातच. मोठं झालं की बसतं.” लसूण घालून कोमट तेल सोडत होत्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सर्दीतून सुरू होणारा, वाहणारा कान या वस्तीत इतका नेहमीचा आहे की तो आजारात धरतच नाहीत. त्यात उन्हाळाभर पोरं कालव्यात डुंबतात. पडद्याला भोक असलं की ते पाणी थेट मधल्या कानात जातं. तेलाचंही तेच.

दुसऱ्या आठवड्यात आई एका सकाळचं काम बुडवून ससूनच्या कान-नाक-घसा ओपीडीत गेली. सोबत आमच्या ताई. दोन्ही पडद्यांना भोकं, ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीत, ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज उजव्या कानाला ४० डेसिबल, डाव्याला ४५. साधं बोलणं ६०च्या आसपास असतं, कुजबुज ३०च्या. म्हणजे साधं बोलणं त्याला अंधुक पोचत होतं, कुजबुज जवळजवळ नाहीच. आतली नस चांगली होती. थेंब लिहून दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितलं; पुढे पडद्याचं ऑपरेशन करायचं की नाही, ते कान कोरडा राहतो का ते बघून.

‘कान कोरडा ठेवा’ हे चिठ्ठीवर तीन शब्दांत मावतं. वस्तीत त्याचा अर्थ असा: धुतलेल्या सुती कापडाची वात वळायची, काडी किंवा बड नाही. वात कानात हलकेच ठेवायची, मिनिटभराने काढायची, नवी घालायची, कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीनदा. थेंब त्यानंतर, आधी घातले तर पुवासोबत वाहून जातात. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी. सकाळ-रात्र आई करणार होती. दुपारची वात वर्गात ताई करतात, हात धुऊन, हजेरी घेतल्यावर. कुणाच्याही कामाच्या यादीत हे नाही. महिन्याभरात वास गेला, आणि मुलं त्याच्या जवळ बसू लागली. वास होता हे तोवर कुणी बोललं नव्हतं.

बल्ब पुढे घ्यायला पंधरा फूट वायर आणि एक होल्डर लागला. देणगीदाराच्या कार्यालयातून विचारणा आली की हा खर्च ‘बालआरोग्य’खाली कसा, ‘विद्युत दुरुस्ती’ची तरतूद संपली आहे. मी दोन पानी उत्तर लिहिलं. वायरपेक्षा माझा वेळ महाग पडला असेल.

मग उत्साहाने आम्ही कुजबुज चाचणी सगळ्या जिल्ह्यांना पाठवली, सोबत पुढे कुठे पाठवायचं तेही: २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा ऐकण्याचा दोषही धरलेला आहे. बीडहून फोन आला की ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं हंगामी वसतिगृहात मार्चपर्यंतच असतात, पुढच्या तपासणीची तारीख एप्रिलची मिळाली तर न्यायचं कुणी? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. नंदुरबारच्या ताईंनी विचारलं की मुलं घरी भिल्ली, पावरी बोलतात, मराठी अंक नीट येत नसतील तर नापास कान की भाषा? तिथे आता अंकांऐवजी मुलांच्याच भाषेतली घरातल्या वस्तूंची नावं घेतो.

आणि फॉर्मात नवा रकाना आला: ‘श्रवण’. तिसऱ्या महिन्यात एका वर्गाकडून सगळ्या मुलांपुढे ‘ठीक’ आलं, एकाच पेनने, एकाच तारखेला. त्या तारखेला रविवार होता.

त्या जुलैच्या दिवशी ऊन असतं तर मी शेंगदाणे मोजून, यादी तपासून, ‘विशेष मूल’वर सही करून निघाले असते, हे मनातून जात नाही. आमच्या भेटींच्या वेळापत्रकात जुलै-ऑगस्टपुढे अजूनही लिहिलेलं आहे: ‘पाऊस, भेटी शक्यतो टाळाव्यात’.